पावणेतीन

माझं बालपण ओदलीनच्या सरावात बसवलेलं होतं,
गाडीच्या मागच्या सीटवर,
तिची बॅग आणि माझं दप्तर यांच्या मधल्या फटीत.
पहाटे पावणेपाच. बाबा काचेवरचं हिव खरवडायचे
वाचनालयाच्या जुन्या कार्डानं.
रिमूस्की झोपलेलं असायचं,
नदीही. इतकी रुंद नदी, की पलीकडचा काठ
दिसलाच तर ढगासारखा.

रिंकमधल्या थंडीला वास होता:
ओलं रबर, आणि कालचे तळलेले बटाटे.
मी तिसऱ्या पायरीवर हातमोजे घालून गृहपाठ करायचो,
म्हणून माझं अक्षर अजूनही
लोकरीचं.

अपूर्णांक मला शाळेनं शिकवले नाहीत.
सिंगल अ‍ॅक्सेल म्हणजे दीड फेरे, डबल म्हणजे अडीच,
आणि मादाम तिबोदो कठड्यावर वही आपटून ओरडल्या,
"पाव कमी! पुन्हा पाव कमी!"
की समजायचं, तीन म्हणजे
कधी कधी पावणेतीन असतात.

पडायची. उठायची. मांडीवरचा बर्फ झटकायची,
पाव कापताना पडलेले कण झटकावेत तशी.
तास संपला की गुडघ्यांवर बसून
आपल्याच टोकांनी पाडलेले खळगे
ओल्या बर्फानं बुजवायची, एकेक,
कारण यंत्र चालवणारा जेर्माँ त्याच्या बर्फावरचं भोक
खपवून घ्यायचा नाही.

आई रात्री ड्रेसवर खडे चिकटवायची.
एक खडा माझ्या सूपमध्ये सापडला. मी तो परत दिला नाही.
बाबा फेरीबोटीवर जादा पाळ्या करायचे,
आणि माझं हॉकी
"पुढच्या वर्षी" नावाच्या गावाला राहायला गेलेलं.

शिकुतिमीला, तेराव्या वर्षी, तिनं ट्रिपल लुत्झ मारला.
पूर्ण. स्वच्छ. सगळे म्हणतात.
मी तेव्हा चॉकलेटच्या मशीनमध्ये अडकलेल्या नाण्यासाठी
मशीनला लाथा घालत होतो.
भिंतीपलीकडून टाळ्या ऐकल्या, एवढंच.
परत आलो तर आई रडत होती,
आणि मला वाटलं, पडली.

मग ती एका वर्षात नऊ सेंटिमीटर वाढली.
हवेला ती ओळखू येईना.
गुणांच्या कागदावर लुत्झच्या पुढं एक छोटा बाण यायचा,
डावीकडं टोक असलेला,
जणू आलीस तिकडं परत जा म्हणणारा.
सातवी. अकरावी. चौदावी.
पायाच्या हाडात केसाएवढी रेघ निघाली, तेव्हा
डॉक्टरांनी ती पेन्सिलीनं दाखवली,
आणि ओदलीन म्हणाली, "एवढीशीच?"
वाईट वाटल्यासारखं.

ती थांबली हे घरात कुणी बोललं नाही.
एका मंगळवारी बाबा आम्हाला घेऊन निघाले, दंतवैद्याकडं,
आणि रिंकच्या वळणावर
त्यांचा हात सवयीनं इंडिकेटरवर गेला.
गाडी सरळच गेली.
टिक टिक बराच वेळ चालू राहिली.

त्यानंतरचे कित्येक दिवस
आम्ही चौघं पावणेपाचला जागे होतो, आपापल्या खोल्यांत,
आणि एकमेकांना झोपलेले समजत होतो.

आता ती बर्फ फोडणाऱ्या जहाजावर असते.
व्हिडिओ पाठवते: नाक उचलून जहाज बर्फावर चढतं,
क्षणभर थांबतं,
मग सगळं वजन खाली.
मागं काळी वाट उघडते
आणि थोड्या वेळानं आपली आपण बुजते.
कुणाला गुडघे टेकावे लागत नाहीत.

परवा फोनवर मी इतक्या वर्षांनी विचारलं,
"तो लुत्झ, गं. शिकुतिमीचा.
खरंच पूर्ण होता?"
तिकडं वारा होता, इंजिन होतं,
आणि तिचं हसू, अर्धं.
"पंचांना तसं वाटलं," ती म्हणाली.
मग तिला कुणीतरी हाक मारली,
तिची पाळी सुरू झाली होती.